अक्रोडाचा अल्बम

या घरात गुपित म्हणून काही ठेवता येत नाही. ठेवायचं ठरलं की ते सगळ्यांच्या तोंडावर पाटी लावल्यासारखं दिसतं. म्हातारीच्या पंच्याहत्तरीआधीचा अख्खा आठवडा घरात हाच तमाशा चालला होता. ती खोलीत पाऊल टाकायची, बोलणं मध्येच तुटायचं, थोरला घसा खाकरायचा आणि सून विचारायची, "आई, पाणी देऊ?" उठता बसता पाणी. शेवटी म्हातारी म्हणाली, "अगं, मी काय कुंडीतलं झाड आहे? जा, काय कुजबुजायचंय ते मोकळेपणी कुजबुजा."

खाली कारखाना आणि वर घर, अशा जागेत तिचा सगळा संसार झाला होता. कारखाना पेट्यांचा. शवपेटी हा शब्द गिऱ्हाइकांसाठी, तोही थोरल्याच्या तोंडी; घरात सासऱ्यांपासून सगळे नुसतं पेटी म्हणत आले. लग्न होऊन आली तेव्हा करवतीच्या आवाजानं तिची झोप उडायची. पुढे पुढे करवत थांबली की उडायला लागली. खाली काय चाललंय हे तिला बघायला जावं लागत नसे. रंधा ओल्या लाकडावर चाललाय की सुक्या, खिळा सरळ गेला की वाकला, हे ती वर भाजी चिरता चिरता सांगायची.

म्हणून त्या दिवशी करवत सुरू झाली नि लगेच थांबली, पुन्हा सुरू झाली नि पुन्हा थांबली, तेव्हा ती भाजी तशीच टाकून उठली. आखूड तुकडे म्हणजे लहान माप. लहान मापाचं काम आलं की तिचे 'हे' दिवसभर कुणाशी बोलत नसत आणि तिला घास उतरत नसे. हे गेले, पण ती सवय काही गेली नव्हती. ती जिन्याच्या कठड्याशी आली आणि खाली वाकून धाकट्याला म्हणाली, "कुणाचं लेकरू रे?"

धाकट्याच्या हाताला कायम सरस लागलेला, म्हणून लहानपणापासून घरात त्याला चिकट्या म्हणत. लग्न नाही, कसली हौस नाही. कारखान्याला चिकटून बसलेला. तो मान वर न करता म्हणाला, "कुणाचं नाही गं, आई."

"मग काय कापताय?"

"नाही सांगता येत."

चिकट्याला खोटं बोलता येत नाही. ते एक अंग त्याला देवानं दिलंच नाही. त्याला फक्त गप्प बसता येतं, आणि ते तो इतकं करतो की समोरच्यालाच आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटावं. म्हातारीचा जीव भांड्यात पडला. लेकरू नाही म्हणाला ना, मग बाकी काय करायचे ते चाळे करा. पण त्याचा चेहरा पडलेला होता. तो का, हे तिनं तेव्हा विचारलं नाही, आणि पुढे त्याबद्दल ती स्वतःवरच चिडली.

चाळे कसले, ते सून फोनवर म्हातारीच्या लेकीला सांगत होती तेव्हा ऐकू आलं. "लाकडी कव्हरचा अल्बम, ताई! हे स्वतःच्या हातानं करतायत. हो ना, हातानं केलेल्या वस्तूची किंमत वेगळीच."

स्वतःच्या हातानं! म्हातारीला घास अडकावा तसं हसू अडकलं. थोरल्यानं शेवटचा रंधा कधी हातात धरला होता हे त्या रंध्यालाही आठवत नसेल. तो पुढच्या काचेच्या खोलीत बसायचा, काळा कोट घालून, आणि रडत आलेल्या लोकांशी इतक्या खोल आवाजात बोलायचा की ती माणसं रडायची थांबून त्याचीच काळजी करायची. म्हातारी त्याला मॅनेजर म्हणायची. त्याला तो मान वाटायचा.

आता या मॅनेजरला एकाएकी आईचं प्रेम का उतू चाललं होतं, हे काही कोडं नव्हतं. खालची जागा एका गाड्यांच्या शोरूमवाल्याला हवी होती. थोरल्याचं म्हणणं, हल्ली पेट्या फॅक्टरीतून तयार येतात, हातानं करत बसणं म्हणजे मूर्खपणा. जागा द्यावी, लिफ्टवाल्या इमारतीत फ्लॅट घ्यावा. सुनेचंही तेच. गावाबाहेरून सणासुदीला उगवणाऱ्या लेकीचं म्हणणं ज्या वेळी ज्याच्याशी बोलत असेल त्याचं असे. नको म्हणणारा एकटा धाकटा. शोरूमचा माणूस टेप घेऊन कारखाना मोजायला आला, त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच जिन्यावर समोरासमोर आले तरी सुनेला हाक मारून सांगत, "त्याला म्हणावं, बाजूला हो."

पण जागा म्हातारीच्या नावावर होती आणि म्हातारी ठाम होती. "मी इथून जाईन ती माझ्या पेटीतून," ती म्हणायची.

ही काही नुसती बोलाची कढी नव्हती. पेटी खरोखरच ठरलेली होती. ह्यांनी ऐन उमेदीत एक अक्रोडाचा ओंडका आणला होता. त्याच्या फळ्या काढताना मधोमध एक दुहेरी गाठ निघाली, एक मोठी, एक लहान, एकमेकींना खेटून बसलेल्या. लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडून ह्यांनी तिला दाखवल्या. दोन्हींवर तीच गाठ, फक्त एकीवर मोठी डावीकडे, दुसरीवर उजवीकडे. हे म्हणाले, "ही माझ्या झाकणाला, ही तुझ्या. कोण आधी जाईल ते जाईल, जोड फुटायची नाही." नव्या नवरीला हे ऐकवायला काळीज लागतं. तिनं तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता. पण हे गेले तेव्हा त्यांच्या झाकणावर ती गाठ चिकट्यानं नेमकी छातीशी आणली, आणि म्हातारीला त्या दिवशी आधार कशाचा वाटला असेल तर त्या गाठीचा. आपल्या फळ्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवल्यात, एवढं तिला पुरत होतं. माणसाला म्हातारपणी एखादी गोष्ट ठरलेली असली की बरं वाटतं.

वाढदिवसाला लेक सकाळीच आली. तिला घरात पाहुणी म्हणत, आणि ती पाहुणीसारखीच सोफ्याच्या टोकावर बसायची. जेवणं झाली, केक कापला, आणि मॅनेजरनं खालून एक पांढरं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून आणलं. टेबलावर ठेवलं तेव्हा कप हलले.

"आई," तो त्याच्या खास आवाजात म्हणाला, "एक छोटीशी भेट."

"छोटीशी असती तर धापा टाकल्या नसत्यास," म्हातारी म्हणाली.

गाठोडं बांधलं होतं पांढऱ्या साटनमध्ये. चुण्या घालून, कडेनं पितळी टाचण्या मारून. हे साटन कशाच्या अस्तराला वापरतात ते त्या घरात दोन वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. पाहुणी खिडकीबाहेर बघायला लागली.

"सुंदर बांधलंय," म्हातारी म्हणाली. "उशीही ठेवलीय का आत?"

"आई, तुमचं आपलं काहीतरीच," सून म्हणाली आणि स्वतःच टाचण्या उपटायला लागली.

आतून निघाला तो अल्बम. वर खाली दोन जाडजूड लाकडी फळ्या, चारी कोपऱ्यांना पितळेची टोपणं, मध्ये काळ्या कागदाची पानं, आणि पानं धरायला कडेला एक लाकडी पट्टी, लांब स्क्रूंनी आवळलेली. फळ्या पुस्तकाला शोभाव्यात अशा पातळ करायला रंधा मारावा लागतो. तो मॅनेजरला येत नव्हता, म्हणून त्यानं जाडी होती तशीच ठेवली होती. वर गडद तपकिरी पॉलिशचे इतके थर, की त्यात म्हातारीला स्वतःचं तोंड दिसलं. आणि त्या तोंडाच्या बरोबर खाली, एका पितळी पाटीवर, कोरलेल्या अक्षरांत तिचं नाव. नावाखाली डावीकडे जन्मतारीख. उजवीकडे तेवढीच जागा, घासून पुसून लख्ख केलेली, कोरी.

सगळ्यांनी ती पाटी एकाच वेळी वाचली.

"अहो," सून हळूच म्हणाली, "उजवीकडे काहीतरी राहिलंय."

"राहिलं नाही गं," म्हातारी म्हणाली. "ठेवलंय."

कोपऱ्यात उभ्या चिकट्याच्या नाकातून एक आवाज निघाला. मॅनेजरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी पाटीवाल्याला फोनवर एवढंच म्हटलं, आईची पाटी हवीय, नाव आणि जन्मतारीख. त्यानं सवयीनं... आई, मी बदलून आणतो."

"कशाला? आज ना उद्या लागणारच आहे. एका तारखेचं तर काम."

"मी दादाला म्हणालेच होते," पाहुणी लगेच म्हणाली, "की साधी साखळी घेऊ म्हणून."

"तुम्ही?" सून तिच्याकडे वळली. "फोनवर तर म्हणालात, कल्पना किती गोड!"

"गोडच होती. मला काय माहीत असं काहीतरी करून ठेवाल?"

सकाळपर्यंत या दोघी एका बाजूला होत्या. म्हातारीनं मनातल्या मनात पाहुणीला आपल्या बाजूला सरकवलं आणि संध्याकाळपर्यंत ती तिथे टिकणार नाही हेही धरून ठेवलं. मग तिनं अल्बम उघडला. उघडला म्हणजे झाकण उचललं. बिजागऱ्या पेट्यांच्याच होत्या, हाताचा आधार काढला की धाडकन मिटायच्या. पहिल्या पानावरच तिचं बोट चेंगरलं.

"थांब, मी धरतो," मॅनेजर म्हणाला आणि पानं उलटेपर्यंत झाकण धरून उभा राहिला.

फोटो सुनेनं निवडले होते, हे सांगावं लागत नव्हतं. मॅनेजर शाळेत, मॅनेजर बक्षीस घेताना, मॅनेजरचं लग्न, मॅनेजरचं लग्न, मॅनेजरचं लग्न. शिवाय तिनं कात्रीनं फोटोंना गोल नि बदामाचे आकार दिले होते. पाहुणीच्या एका फोटोत खांद्यावर कुणाचा तरी हात तेवढा उरला होता.

"हा हात कुणाचा?" म्हातारीनं विचारलं.

"माझा," चिकट्या म्हणाला.

"बरं झालं, तेवढा तरी आलास."

ह्यांचा फोटो एकच. तोही पाठमोरा, रंध्यावर वाकलेले. फोटो काढायला कुणी आलं की हे कामाचं निमित्त करून वळायचेच. म्हातारीनं तो पाठमोरा माणूस जरा जास्त वेळ बघितला.

तेवढ्यात खालची घंटा वाजली. पाहुणीनं जाऊन दार उघडलं आणि परत आली ती तोंडावर हात धरून. तिच्या मागोमाग जिना चढून आला साक्षात पाटीवाला. काळा कोट, हातात पांढऱ्या फुलांचं भलंमोठं चक्र. बिचाऱ्याचे डोळेही ओले होते. "साहेब," तो मॅनेजरला म्हणाला, "फोनवर तुमचा आवाज ऐकला तेव्हाच मी समजलो. उशीर झाला, माफ करा. आमची बाई गेली! माझ्या वडिलांपासून या घरचं काम..."

"या," म्हातारी टेबलामागून म्हणाली. "बसा. केक खाणार?"

पाटीवाला चक्रासकट मागे कलंडला. चिकट्यानं मागून खुर्ची दिली म्हणून, नाहीतर पाटीवाल्याचंच माप घ्यावं लागलं असतं.

"घाबरू नका, मीच आहे," म्हातारी म्हणाली. "आमच्या मॅनेजरचा आवाजच तसा आहे. भाजी आणायला सांगतो तेव्हाही शेजारचे टोपी काढतात. अक्षर मात्र छान काढलंत हो. आणि फुलं ठेवा इथं, ताजी आहेत, वाया कशाला घालवायची?"

पाटीवाल्यानं केक खाल्ला, तीन वेळा शतायुषी व्हा म्हणाला आणि पळाला. तो गेल्यावर पाहुणीला हसू फुटलं, मग सुनेला, आणि शेवटी मॅनेजरसुद्धा ओठ चावत चावत हसला. म्हातारी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. कित्येक दिवसांत ते घर असं एकत्र हसलं नव्हतं. चिकट्या तेवढा हसत नव्हता.

हसू ओसरल्यावर मॅनेजरनं संधी साधली. खुर्ची पुढे ओढून तो म्हणाला, "आई, अल्बमचा उद्देश तुझ्या लक्षात आला का? आठवणी माणसानं बरोबर न्याव्यात. त्या काही भिंतींत नसतात. उद्या आपण फ्लॅटमध्ये गेलो तरी..."

"हं," म्हातारी म्हणाली. "आलं लक्षात." ती ऐकत नव्हती. झाकण पडू नये म्हणून तिनं त्याला पाटीवाल्याचं चक्र टेकवलं होतं, आणि झाकणाची आतली बाजू आता पहिल्यांदाच नीट तिच्या समोर आली होती. आतून पॉलिश नव्हतं. पेटीला आतून पॉलिश करत नाहीत, तिथं अस्तर लागतं. मॅनेजरनं अल्बमलाही तोच न्याय लावला होता. उघडं, कोरडं अक्रोडाचं लाकूड होतं ते. आणि बरोबर मधोमध, एक मोठी, एक लहान, एकमेकींना खेटून बसलेली गाठ.

म्हातारीनं तिच्यावर अंगठा ठेवला. खोलीत थोरला बोलतच होता, लिफ्ट, हवा, उजेड.

"ही फळी कुठली?" तिनं विचारलं.

"आवडली ना?" मॅनेजर खूश झाला. "सुकवायच्या खोलीत रॅकवर होती. अशी नक्षी शोधून सापडत नाही. मी मुद्दाम ती गाठ मध्यभागी धरून कापली."

म्हातारीनं त्याच्याकडे बघितलंच नाही. ती चिकट्याकडे बघत होती. "माळ्यावरच्या माझ्या फळ्या कुठे आहेत?"

चिकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. मग एकदम सगळे फुटले. "माळ्याला ओल आली होती, आई. बुरशी धरली असती. मी खाली आणून रॅकवर ठेवल्या. गोणपाटही भिजलं होतं, म्हणून काढलं. त्या दिवशी मी बाहेरून आलो तेव्हा हा कापून बसला होता."

"आणि तू त्याला सांगितलं नव्हतंस?"

"आम्ही बोलत नाही ना."

एवढा वेळ म्हातारीला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचत होतं. आता काही सुचेना. तिला रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि रडू आलं याचाच तिला संताप आला. तिनं चक्रातलं एक फूल उपटून टेबलावर टाकलं.

"माझ्या झाकणाचा अल्बम केलात," ती म्हणाली. "जिवंतपणी मला माझंच झाकण वाढदिवसाला दिलंत. वर पाटी लावून!"

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. झाकण कुणाचं, गाठ कुठली, हे त्यानंही लहानपणापासून ऐकलेलं होतं. फक्त बघितलेलं नव्हतं, कारण माळ्यावर कोट मळतो. "आई, शपथेवर सांगतो, मला कळलंच नाही. मी नवीन फळी आणतो. याहून भारी."

"भारी? ह्यांना उठवून आणणार आहेस का निवडायला? तिची जोडीदार जमिनीखाली आहे, बाबा. ती कुठल्या दुकानातून आणशील?"

"विचारायला काय झालं होतं तुम्हाला?" सून नवऱ्यावर घसरली.

"मी तरी म्हणतेय," पाहुणी म्हणाली, "साधी साखळी..."

"तू गप्प बस," म्हातारी म्हणाली. "तुम्ही दोघीही. कोण कुणाच्या बाजूनं आहे ते मला पाठ आहे, आणि किती वेळ तेही." तिनं नाक पुसलं. रडणं संपलं होतं. आता तिच्या आवाजाला धार आली. "अख्ख्या अल्बमात ह्यांचा म्हणावा असा फोटो एकच आहे, ही गाठ. तुम्ही तिला बिजागऱ्या मारल्यात. एक मोठं तोंड करून फिरतो आणि लाकूड ओळखत नाही. दुसरा लाकूड ओळखतो आणि तोंड उघडत नाही. एकाला सांगितलं नाही, दुसऱ्यानं विचारलं नाही, आणि कापली गेले मी. चिकट्या, बाकीच्या फळ्या?"

"आहेत. ही एकच कापली गेली. तुकडेही आहेत सगळे, हे दोन, ही कडेची पट्टी आणि खाली एक लांब."

"जोडता येईल?"

चिकट्या टेबलाशी आला आणि फळीवरून हात फिरवत राहिला. तो जीव तोडून विचार करत होता हे दिसत होतं. "टोकाला टोक नुसतं चिकटत नाही. तिरपे सांधे काढावे लागतील, मागून पट्ट्या द्याव्या लागतील. स्क्रूची भोकं बुजवता येतील. पातळ केली नाही हे नशीब."

"त्याला येत नाही म्हणून," म्हातारी म्हणाली.

"पण आई, करवतीत नि सांध्यांत थोडं लाकूड जाणारच. झाकण आखूड होईल."

"होऊ दे. मी काय वाढत्या अंगाची आहे? मीही आखडतेच आहे." तिनं अल्बम मिटला आणि मॅनेजरपुढे सरकवला. "फोटो काढून घ्या आणि वाटून घ्या. फळी जोडायची. आणि कापली ज्यानं, जोडायची त्यानं. चिकट्या, तू शेजारी उभा राहून सांगायचंस. हत्याराला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे."

"मी?" मॅनेजर म्हणाला. "आई, मला ते..."

"हातानं केलेल्या वस्तूची किंमत वेगळीच," म्हातारी म्हणाली आणि सुनेकडे बघून मान हलवली. "आणि माझ्या मनासारखं झाकण होईपर्यंत त्या शोरूमवाल्यानं टेप घेऊन इथं पाय ठेवायचा नाही. झालं की मग बोलू."

सुनेनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हातारीचे कान करवतीनं तयार केलेले. तिला स्पष्ट ऐकू आलं. "हो म्हणा. आठवड्याचं तर काम आहे."

"बरं, आई," मॅनेजर म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या स्वयंपाकघरात खालचे आवाज यायला लागले. आधी नुसतेच आवाज. खरवड, ठोक, खरवड, आणि काहीतरी पडल्याचा. शब्द एकही नाही. म्हातारी शेंगा सोलत ऐकत होती आणि तोंडानं चक् चक् करत होती. शेवटी एका सकाळी चिकट्याचा आवाज आला. त्याला बहुतेक सहनच झालं नसावं.

"दादा, रंधा उलटा धरलायस."

रंधा बाकावर आपटल्याचा आवाज. मग मॅनेजरचा आवाज, खोल नव्हे, साधा, लहानपणीचा. "मग सरळ कसा धरतात? दाखव की."

"हात लावायचा नाही म्हणालीय ती."

"मग तोंडानं सांग ना, गाढवा!"

म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. यांना एकमेकांशी बोलायला माझी पेटी कापावी लागली, तिच्या मनात आलं. कसली ही कार्टी पोसली आपण! पण शेंगा संपल्या तरी ती उठली नाही. खाली भांडण चाललं होतं, लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेच्या यावरून, आणि ते ऐकायला इतकं बरं वाटत होतं की तिनं रेडिओही बंद केला.

आठवड्याचं काम आठवड्यात झालं नाही. बिघडलं, पुन्हा झालं, परत बिघडलं. मॅनेजरच्या बोटांना पट्ट्या आल्या. काचेच्या खोलीत सून बसायला लागली. तिनं तिथल्या माणसांना रडू दिलं, आणि म्हातारीला मनातून ते आवडलं, पण तिनं तसं सांगितलं नाही. शोरूमवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला. मग एका दुपारी मॅनेजर जिना चढून आला, अंगात चिकट्याचा जुना डगला, केसांत भुसा. "आई, बघायला चल," तो म्हणाला. "झालं."

ती कठडा धरून खाली उतरली. झाकण दोन लाकडी घोड्यांवर आडवं ठेवलं होतं. पॉलिश अजून व्हायचं होतं. मधोमध, छातीच्या जागी, ती गाठ होती, मोठी उजवीकडे, ह्यांनी दाखवली होती तशी. दोघे भाऊ दोन बाजूंना उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे. मॅनेजरच्या तोंडावर एक विलक्षण उत्सुकता होती. शोरूम तो विसरला नसेल, पण त्या घटकेला तो शोरूमचा विचार करत नव्हता, एवढं तिला कळत होतं.

म्हातारीनं पहिल्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग दुसऱ्या. नख कुठेही अडकलं नाही. तिनं उलट दिशेनं फिरवून बघितलं, तरी नाही. इतका साफ सांधा ह्यांचाही क्वचित यायचा. ती गाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. तिनं वर जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं, मग या दोघांकडे.

"फट आहे," ती म्हणाली.

मॅनेजर खाली वाकला. "कुठे? आई, कुठे आहे फट? अगं, काहीच लागत नाहीये हाताला." त्यानं भावाकडे बघितलं. "तू सांग. आहे?"

चिकट्यानं सांध्यावरून हळूच बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यानं मान वर करून आईकडे बघितलं. बघतच राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"आहे, दादा," तो म्हणाला. "फट आहे."

म्हातारी जिन्याकडे वळली. "पुन्हा करा," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."